चढणीची वाट : सब्र आणि मरहमत





दिव्य कुरआनच्या ९० व्या सूरहमध्ये, म्हणजे सूरह अल्-बलदमध्ये, अल्लाहने मानवापुढे एक चढण ठेवली आहे. अरबी भाषेत तिला 'अकबा' म्हणतात. डोंगरातून वर जाणारी अवघड वाट. आपल्या बोलीत सांगायचे तर घाट. ही चढण म्हणजे नेमके काय, हेही कुरआनने तेथेच उलगडून सांगितले आहे. गुलामाची मान सोडविणे. उपासमारीच्या दिवशी नात्यातल्या अनाथाला किंवा धुळीला मिळालेल्या गरजवंताला जेवू घालणे. आणि त्यासोबत अशा लोकांत सामील होणे, जे ईमान राखतात, परस्परांना सब्रची ताकीद करतात आणि परस्परांना मरहमतची, म्हणजे दयेची, ताकीद करतात.

सब्र आणि मरहमत या दोन गोष्टी कुरआनने येथे जोडीने सांगितल्या आहेत. आपण मात्र ही जोडी पुष्कळदा तोडतो. शेजारच्या घरात मोठा आजार आला की सब्र त्या घराच्या वाट्याला देतो आणि आपल्या वाट्याची मरहमत दोन-चार भेटींत आटोपून मोकळे होतो. आजच्या लेखात याच एका गोष्टीचा विचार करायचा आहे. निमित्त आहे कर्करोगाचे, कारण हा आजार एका दिवसात येतो आणि वर्षानुवर्षे घरात मुक्काम करतो.

आजार म्हणजे शिक्षा नव्हे

कर्करोगाचे निदान झाले की घराची भाषाच बदलते. त्या आजाराचे नावदेखील कोणी उच्चारत नाही. 'तो आजार', 'मोठा आजार' असे म्हटले जाते. भेटीला येणारे आवाज खाली करतात. आणि त्यातच कोणीतरी, कदाचित चांगल्याच हेतूने, विचारतो : काही चूक घडली होती का? कोणाचा तळतळाट लागला का?

हा प्रश्न विचारणाऱ्याने हजरत अय्यूब (अ.) यांचे स्मरण करावे. ते अल्लाहचे प्रेषित होते आणि तरीही दीर्घ यातनेतून गेले. सूरह अल्-अंबियाच्या ८३ व्या आयतीत त्यांची दुआ आली आहे. तीत तक्रार नाही; आपल्याला कष्टाने गाठले आहे आणि अल्लाह सर्वांहून अधिक दयाळू आहे, एवढेच निवेदन आहे. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनाही तीव्र ताप येत असे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) यांनी त्यांच्या अंगाला हात लावला आणि तापाच्या तीव्रतेचा उल्लेख केला, तेव्हा प्रेषितांनी (स.) सांगितले की, तुमच्यातील दोन माणसांना मिळून जेवढा ताप यावा तेवढा मला येतो. ज्यांच्याहून अल्लाहला कोणी प्रिय नाही, त्यांच्या बाबतीत आजार शिक्षा नव्हता, तर आपल्या मोहल्ल्यातील एखाद्या मातेच्या किंवा बालकाच्या बाबतीत तसा निवाडा देणारे आपण कोण?

हदीसमध्ये तर उलट शुभवार्ता आहे. थकवा, आजार, चिंता, दुःख, एवढेच काय, पायात रुतलेला काटासुद्धा मुस्लिमाच्या पापांचे क्षालन करतो. बुखारी शरीफमधील आणखी एका हदीसचा आशय असा की, माणूस आजारी पडतो तेव्हा निरोगी असताना तो जी सत्कर्मे करीत असे, ती त्याच्या नावावर लिहिली जातच राहतात. जो बाप रुग्णालयाच्या बाकावर पडून आहे आणि जमाअतीला जाऊ शकत नाही म्हणून ज्याचे मन खात आहे, त्याच्या कानी आपण ही गोष्ट घातली पाहिजे. रुग्णाला रोजातून सवलत आहे, पाणी अपायकारक असेल तर तयम्मुमची मुभा आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करता येते. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना त्यांच्या आजारात प्रेषितांनी (स.) हेच शिकविले. धर्माने ज्याला सवलत दिली, त्याच्यावर आपण ओझे टाकू नये.

उपचार हा तवक्कुलचाच भाग

दुसरी गोष्ट उपचारांची. काही खेडुतांनी प्रेषितांना (स.) विचारले की, आम्ही औषधोपचार करावेत काय? हजरत उसामा बिन शरीक (रजि.) सांगतात की, प्रेषितांनी (स.) होकार दिला आणि म्हातारपण सोडून प्रत्येक आजारावर अल्लाहने औषध उतरविले आहे, असे समजावले. उंटाचा दोर आधी बांधा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवणही सर्वांना ठाऊक आहे. तरीही आपल्या घरांत किती दिवस वाया जातात! स्तनात गाठ लागते आणि लाजेपोटी भगिनी ती महिनोन्महिने लपवितात. तोंडातला पांढरा चट्टा, न भरणारी जखम, हळूहळू कमी उघडणारे तोंड, हे सारे मलमावर निभावले जाते. गाठीला सुई लावली की रोग पसरतो, या भीतीने तपासणी टाळली जाते. ही भीती निराधार आहे. गाठ कशाची आहे हे तपासल्यावाचून उपचारांची दिशाच ठरत नाही. लाजेचे म्हणाल, तर उपचारासाठी आवश्यक तेवढी तपासणी करून घेण्यास शरीअतने मुभा दिली आहे. महिला डॉक्टर उपलब्ध असतील तर उत्तमच, परंतु त्यांची वाट पाहण्यात आजार वाढू देणे हा हयेचा अर्थ नव्हे.

दुआ जरूर करावी, कुरआन पठण करून दम करावा. मात्र उपचारांच्या जागी नव्हे, उपचारांसोबत. कलौंजी आणि मध यांविषयी आपल्या मनात आदर आहे. परंतु केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला कोणतीही जडीबुटी, काढा किंवा चूर्ण देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. औषधे एकमेकांना मारक ठरू शकतात.

आणि जे अद्याप निरोगी आहेत त्यांच्यासाठी एक कळकळीचे सांगणे. भारतातील पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सर्वाधिक आढळतो आणि त्याच्या मुळाशी बहुतांशी तंबाखू आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी पुडी मिळते. मावा मिळतो. घराघरांत मिश्री लावली जाते आणि तिला कोणी व्यसनही म्हणत नाही. सूरह अल्-बकराच्या १९५ व्या आयतीत स्वतःच्या हातांनी स्वतःला विनाशात लोटू नका, असा आदेश आहे. मस्जिदीच्या पायरीवर तोंडातली पुडी थुंकून वुजूला बसणाऱ्या तरुणाला हा आदेश प्रेमाने सांगणे, हीदेखील मरहमतच आहे.

एका घराची गोष्ट

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. ती सांगताना मला संकोच वाटतो, कारण तिच्यात दोष माझा आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी दुचाकी दुरुस्त करणारे एक भाई आहेत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या सात वर्षांच्या मुलीला वारंवार ताप येऊ लागला, अंगावर काळे-निळे डाग उमटू लागले. रक्ताची तपासणी झाली, मग हाडातील मगजाची, आणि निदान झाले : रक्ताचा कर्करोग. डॉक्टरांनी धीर दिला की, मुलांमधील या प्रकारच्या कर्करोगात पूर्ण उपचार घेतल्यास बहुतांश मुले बरी होतात. परंतु उपचार दोन ते अडीच वर्षांचे असतात आणि मध्येच सोडून चालत नाहीत.

मिरजेहून रात्रीची गाडी, सकाळी दादर आणि तेथून परळ. त्या कुटुंबाचे पहिले काही महिने मुंबईतच गेले. जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीत चादर फिरली आणि लोकांनी हात सैल सोडून दिले. गावातील हिंदू व्यापाऱ्यांनीही दिले. मी शिक्षक आहे आणि आमच्या मस्जिदीत जुम्याला अधूनमधून बयान करतो. त्या जुम्याला मी सब्रवर बोललो. हजरत अय्यूब (अ.) यांचा प्रसंग सांगितला. पैसे घेण्यासाठी गावी आलेले ते भाई दुसऱ्या सफमध्ये मान खाली घालून बसले होते. अनेकांचे डोळे पाणावले. घरी परतताना मला वाटले की, आपण आपला वाटा उचलला.

मुलगी गावी परतली. आता गोळ्या घरीच घ्यायच्या होत्या आणि ठरावीक तारखांना मुंबईला जायचे होते. तिचे केस पुन्हा उगवू लागले. लोकांना वाटले, संकट टळले. सहा-सात महिन्यांत तिच्याविषयी विचारणेही थांबले.

पावसाळ्यातील एका रात्री दोनच्या सुमारास मुलीला ताप भरला. डॉक्टरांनी त्यांना बजावून ठेवले होते की, या उपचारांत पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात. ताप आला तर सकाळची वाट पाहायची नाही. वडिलांनी मोटारसायकल काढली. गोधडीत गुंडाळलेल्या मुलीला मधे घेऊन आई मागे बसली. अठरा किलोमीटर, भर पावसात, ते रुग्णालयात पोहोचले. अल्लाहच्या कृपेने वेळेत पोहोचले.

माझी जुनी चारचाकी त्यांच्या दारापासून तीस पावलांवर उभी होती.

मला हे तिसऱ्या दिवशी समजले. मी रुग्णालयात गेलो आणि विचारले, "भाई, माझे दार का नाही वाजवले?"

ते म्हणाले, "सर, तुम्ही सगळ्यांनी खूप केले. मागायला लाज वाटत नाही. पुन्हा पुन्हा मागायला वाटते."

बंधू-भगिनींनो, मी त्यांना सब्र शिकविला होता आणि त्यांनी तो माझ्याकडून असा शिकून घेतला होता की, सब्र म्हणजे दार न वाजविणे. हा माझ्या बयानाचा दोष होता. सूरह अल्-बलदमधली जोडी मी तोडली होती. सब्रचा उपदेश मी त्यांना केला, मरहमतचा उपदेश स्वतःला करायचा विसरलो.

आपला सब्र कोठे आहे?

सूरह अल्-बकराच्या २७३ व्या आयतीत अशा गरजवंतांचे वर्णन आहे, जे लोकांना चिकटून मागत नाहीत. त्यांची स्वाभिमानी वृत्ती पाहून अजाण माणूस त्यांना सुस्थितीत असलेले समजतो. या वर्णनात अजाण कोणाला म्हटले आहे, याकडे लक्ष द्या. न मागणाऱ्याला नव्हे, न ओळखणाऱ्याला. गरज ओळखण्याची जबाबदारी कुरआनने पाहणाऱ्यावर टाकली आहे.

सब्र या शब्दाचा अर्थ निमूटपणे सोसणे एवढाच नाही. टिकून राहणे, जागा न सोडणे, हा त्याचा गाभा आहे. मग अडीच वर्षांच्या उपचारांत टिकून राहायचे ते केवळ त्या आई-बापांनीच काय? हजरत आयशा (रजि.) यांच्या कथनानुसार अल्लाहला सर्वांत प्रिय कर्म ते, जे सातत्याने केले जाते, मग ते थोडे का असेना. एका जुम्याची भरलेली चादर मोलाची आहेच; परंतु दर महिन्याच्या मुंबई फेरीचे तिकीट काढून देणारा एक माणूस त्या घराला अधिक आधार देतो.

यमनमधून आलेल्या अश्अरी कबील्याची रीत बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत नोंदलेली आहे. प्रवासात किंवा मदीनेत अन्न कमी पडू लागले की, ते लोक आपापल्याजवळ असलेले सारे एका कापडावर एकत्र करीत आणि समान वाटून घेत. प्रेषितांनी (स.) त्यांना आपले म्हटले आणि स्वतःलाही त्यांच्यातले म्हटले. या रीतीत एक बारकावा आहे : तेथे कोणी कोणाकडे मागत नाही. कापड आधीच पसरलेले असते.

त्या रात्रीनंतर आम्हीही असे एक कापड पसरायचे ठरविले. इशाच्या नमाजनंतर पाच-सहा जण बसलो. चंदा पुन्हा गोळा केला नाही; कामे वाटून घेतली. रात्री-अपरात्री गाडी काढणारे दोघे ठरले आणि त्यांचे क्रमांक त्या घराच्या भिंतीवर लिहिले गेले. रक्तदात्यांची यादी एका तरुणाने केली. प्लेटलेट्स केवळ पाच दिवस टिकतात, म्हणून त्या भरपूर साठवून ठेवता येत नाहीत, माणसे हाताशी असावी लागतात. कागदपत्रे एका निवृत्त कारकुनाने अंगावर घेतली. धाकट्या भावाची शाळा आणि अभ्यास मी घेतला. आजारी भावंडापायी घरातले दुसरे मूल एकाकी पडते, हे शिक्षक असूनही माझ्या ध्यानात आले नव्हते.

काय करावे, कसे करावे

प्रत्येक मोहल्ल्याला हे जमण्यासारखे आहे. म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे सांगतो.

पहिली गोष्ट, हक्काची मदत आधी मिळवून द्यावी. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार अंगीकृत रुग्णालयांत विनाशुल्क होतात. तेथे बसणारे आरोग्यमित्र मार्गदर्शन करतात. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवणे बंधनकारक आहे. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वे भाड्यात सवलत मिळते. ही माहिती नसल्यामुळे लोक आधी दागिने मोडतात आणि मग चौकशी करतात. शिधापत्रिकेवरील नाव आणि आधार कार्डावरील नाव जुळत नाही, एवढ्यावरून फेऱ्या पडतात. लिहिता-वाचता येणारा एक माणूस अर्जापासून मंजुरीपर्यंत सोबत राहिला, तर तो सदकाच आहे.

दुसरी गोष्ट जकातीची. जकातीच्या आठ वाटांमध्ये कर्जात बुडालेल्या माणसाचीही वाट आहे. सूरह अत्-तौबाच्या ६० व्या आयतीत ती स्पष्ट नमूद आहे. काल स्वतः जकात देणारे घर आज जकातीला पात्र असू शकते. घरासमोर गाडी दिसते म्हणून त्यांना वगळू नका. ती गाडी गहाण असेल. जकात अदा करण्याचे मसअले आपल्या आलिमांकडून समजून घ्यावेत. मात्र देताना ही जकात आहे असे घेणाऱ्याला सांगणे आवश्यक नसते, हे लक्षात ठेवावे. एवढ्याशा मौनात एखाद्याची इज्जत शाबूत राहते.

तिसरी गोष्ट भेटीची. आजाऱ्याची इयादत हा मुस्लिमाचा मुस्लिमावरील हक्क आहे. मुस्लिम शरीफमधील हदीसे कुदसीनुसार कयामतच्या दिवशी अल्लाह मानवाला विचारेल की, मी आजारी होतो तेव्हा तू मला भेटायला का आला नाहीस? आणि मग समजावील की, माझा अमुक दास आजारी होता. तू त्याच्याकडे गेला असतास तर मी तुला तेथेच भेटलो असतो. इयादतीचे महत्त्व याहून अधिक कोणत्या शब्दांत सांगावे? परंतु केमोथेरपीच्या काळात रुग्णाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. स्वतःला सर्दी-खोकला असेल तर जाऊ नये. हात धुऊन, एक-दोघांनीच जावे, थोडा वेळ बसावे. जेवण न्यायचे असेल तर ताजे शिजवलेले आणि गरम न्यावे. कापून ठेवलेली फळे, बाहेरचे पदार्थ टाळावेत. काय चालेल, हे घरच्या माउलीला आधी विचारावे. अमक्याच्या घरात असाच आजार होता आणि तो वाचला नाही, ही हकीकत तर दाराबाहेरच ठेवून जावे.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. सूरह अल्-बकराच्या २६४ व्या आयतीने उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपले दान वाया घालवू नका, असे ईमानधारकांना बजावले आहे. आज हे मन दुखविणे मोबाइलवरून घडते. केस गेलेल्या, नळ्या लावलेल्या मुलीचे छायाचित्र शंभर ठिकाणी फिरते. धनादेश देताना मुलीच्या बापाला मधे उभे करून छायाचित्र काढले जाते. ही मुलगी इन्शाअल्लाह मोठी होईल, शाळेत जाईल, तिचे लग्न होईल. तोवर ते छायाचित्र फिरतच राहील. मदतीसाठी आवाहन करावे लागले तर घरच्यांच्या संमतीने, नाव आणि चेहरा झाकून, मस्जिदीच्या किंवा जबाबदार माणसांच्या भरवशावर करावे. उघड दिलेले दान चांगले आहे. गुपचूप गरजवंताला दिलेले त्याहून उत्तम आहे, असे कुरआनचे सांगणे आहे.

सेवा करणाऱ्यांसाठी दिलासा

जे पती, पत्नी, माता, पिता रुग्णाच्या उशाशी बसून आहेत, त्यांच्यासाठी बद्रच्या काळातील एक प्रसंग सांगावासा वाटतो. हिजरी २ मध्ये बद्रची लढाई झाली. इस्लामच्या इतिहासात तिच्यात सहभागी झालेल्यांचा दर्जा किती उंच आहे, हे सर्वजण जाणतात. हजरत उस्मान (रजि.) त्या रणांगणावर नव्हते. त्यांच्या पत्नी, प्रेषितांच्या (स.) कन्या हजरत रुकय्या (रजि.), आजारी होत्या आणि त्यांच्या सेवेसाठी प्रेषितांनीच (स.) त्यांना मदीनेत थांबविले होते. त्यांनी सांगितले की, तुम्हाला बद्रमध्ये सहभागी झालेल्या माणसाएवढेच पुण्य आणि तेवढाच वाटा मिळेल. हजरत रुकय्या (रजि.) त्या आजारातून उठल्या नाहीत. तरीही सेवा वाया गेली नाही. ती बद्रच्या बरोबरीने लिहिली गेली.

म्हणून औषधांच्या वेळा सांभाळताना ज्यांच्या तहज्जुद सुटल्या, ज्यांचा उमरा राहून गेला, ज्यांनी दुकान बंद ठेवून रुग्णालयाच्या पायऱ्यांवर रात्री काढल्या, त्यांनी स्वतःला मागे पडलेले समजू नये. रुग्णाची उशी हेच त्यांचे मैदान आहे.

परळच्या रस्त्यावर

परळला टाटा मेमोरिअल रुग्णालयाच्या आसपासच्या पदपथावर जो एकदा उभा राहिला, त्याने देशाचे एक वेगळेच रूप पाहिले आहे. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, मराठवाडा, कोकण. सगळीकडची माणसे फाइल छातीशी धरून बसलेली असतात. हे रुग्णालय १९४१ साली एका पारशी कुटुंबाच्या विश्वस्त निधीतून उभे राहिले. आज ते केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. तेथून जवळच, दादरला, संत गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करुग्णांची कुटुंबे राहतात. आमच्या गावच्या त्या मुलीसाठी रक्त देणाऱ्यांत कोणकोणत्या धर्माची माणसे होती, हे तिच्या वडिलांनाही सांगता येणार नाही.

याची जाणीव ठेवणे, हेही ईमानच आहे. प्रेषितांच्या (स.) सेवेत असलेला एक यहुदी मुलगा आजारी पडला, तेव्हा ते स्वतः त्याच्या घरी गेले आणि त्याच्या उशाशी बसले. नेकी आणि तकवा यांच्या कामात परस्परांना साहाय्य करण्याचा आदेश सूरह अल्-माइदामध्ये आहे. आपल्या मोहल्ल्याच्या यादीतील रक्तदाता आणि रात्रीची गाडी शेजारच्या गल्लीतील हिंदू किंवा बौद्ध रुग्णासाठीही तितक्याच तत्परतेने निघाली पाहिजे.

शिफा मिळाली नाही तर

सर्वच रुग्ण बरे होत नाहीत. शिफा अल्लाहच्या हाती आहे. कधी डॉक्टर सांगतात की, आता रोग हटविणारे उपचार उरले नाहीत, वेदना कमी करणारे आहेत. अशा वेळी वेदनाशमन करून घेणे हा पराभव नव्हे आणि ईमानचा कमकुवतपणाही नव्हे. नातलगांनी त्या घराला, आणखी एका डॉक्टरकडे का नेले नाही, असे विचारून घायाळ करू नये.

आणि रडणाऱ्याला रडू द्यावे. प्रेषितांचे (स.) चिमुकले पुत्र इब्राहीम यांचे प्राण जात असताना त्यांच्याही डोळ्यांतून अश्रू वाहिले. लोकांनी आश्चर्य केले, तेव्हा त्यांनी त्या अश्रूंना दया म्हटले. अश्रू आणि सब्र यांत वैर नाही. मूता येथे हजरत जाफर (रजि.) शहीद झाल्याची वार्ता आली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांच्या घरच्यांसाठी जेवण तयार करायला सांगितले, कारण त्यांच्यावर असे दुःख कोसळले होते की, त्यांना दुसरे काही सुचणे शक्य नव्हते. आपल्याकडे तीन दिवस जेवण पोहोचते. चौथ्या दिवशी मात्र उपचारांचे कर्ज दारात येऊन उभे राहते. मोहल्ल्याने त्या दिवशीही तेथे असले पाहिजे.

आमच्या गावची ती मुलगी आज शाळेत जाते. उपचार संपले असून तपासण्या चालू आहेत. पुढचे अल्लाह जाणतो. मागच्या महिन्यात एका रात्री अकरा वाजता माझे दार वाजले. ते भाई उभे होते. मी किल्ली उचलू लागलो, तर म्हणाले, "सर, मुलगी ठीक आहे. पलीकडच्या गल्लीतल्या मावशींना दवाखान्यात न्यायचे आहे. गाडी मी चालवतो, तुम्ही झोपा."

मी झोपलो नाही, त्यांच्यासोबत गेलो. चढण एकट्याची नसते, हे आता कोठे मला समजू लागले आहे.

हे अल्लाह! जी माणसे आज रुग्णशय्येवर आहेत त्यांना पूर्ण शिफा दे. जे त्यांच्या उशाशी जागत आहेत त्यांच्या पायांत बळ दे. जे डॉक्टर, परिचारिका आणि रक्तदाते त्यांच्यासाठी राबत आहेत त्यांना उत्तम मोबदला दे. ज्यांना तू परत बोलावलेस त्यांना आपल्या कृपेत स्थान दे. आणि आम्हा निरोगी माणसांना अशी नजर दे की, दार वाजण्याआधीच आम्ही उठावे. आमीन.